दाताचा डॉक्टर

आमच्या रावेर तालुक्यात वारा सुटला की लोक आधी आभाळाकडे बघत नाहीत, कान देतात. नुसती पानं फडफडत असतील तर काळजी नाही. केळीची पानं फाटतात, फाटू देत. पण घडाच्या वजनाने वाकलेलं झाड कमरेतून मोडतं तेव्हा पाण्याने भिजलेलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा आवाज येतो. एक आला की मागोमाग दुसरा. केळीच्या खोडात लाकूड नसतंच. ते म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ आणि त्यांतलं पाणी. मे-जूनमध्ये घड भरत आलेले असतात आणि नेमकी त्याच दिवसांत वादळं येतात. पंधरा मिनिटांत वर्षभराची बाग आडवी होते.

२०२२च्या जूनमध्ये असाच वारा आला आणि आमच्या बागेचं काहीही झालं नाही. शिवेपलीकडच्या बागा झोपल्या, आमची उभी राहिली. लोक म्हणाले, नशीबवान आहात. त्यानंतर दोन आठवड्यांनी, पान हलत नव्हतं अशा एका रात्री, मी मोडलो.

रात्रीचे अडीच वाजले असतील. वीज गेलेली. जाग आली ती छाती धडधडत असतानाच. हातापायांना मुंग्या, ओठ बधिर, श्वास पुरत नाही. आपण आता मरतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. बायकोला उठवलं, तिने भावाला. भावाने गाडी काढली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, पट्टी दोन वेळा पाहिली आणि म्हणाले, "हार्ट एकदम चांगलं आहे. गॅस असेल." घरी येताना स्टँडवर चहा घेतला. भाऊ हसत होता. मीही हसलो. चौथ्या दिवशी वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता पुन्हा तेच झालं. मी खडू ठेवला, मुलांना वाचत बसायला सांगितलं आणि शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

मी हायस्कूलला गणित शिकवतो. शेती भाऊ बघतो. बाग दोघांची आणि कर्जही दोघांचं. तेव्हा माझं वय एकेचाळीस होतं.

*

पुढचे सहा महिने माझ्या शरीराची जी तपासणी झाली, तेवढी माझ्या गाडीचीही कधी झाली नसेल. जळगावला जाऊन टू-डी इको, ट्रेडमिल, थायरॉईड, साखर, सगळं झालं. सगळं नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टचा आनंद साधारण दोन दिवस टिकायचा. तिसऱ्या दिवशी वाटायचं, यांच्या मशीनला सापडलं नाही असं काहीतरी नक्की आहे. प्रत्येक डॉक्टर शेवटी एकच वाक्य बोलायचे, "टेन्शन घेऊ नका." ते मी दुकानातून विकत घेतल्यासारखं!

घरी अप्पा विचारायचे, "काय होते रे तुले नक्की?"

मी सांगायचो, "जीव घाबरा होते."

यापुढे आमचं बोलणं जात नसे. कारण आमच्या भाषेत याच्या पुढचा शब्दच नाही. मराठीत चिंता आहे, पण ती रोजची. पोरीच्या लग्नाची, पावसाची, हप्त्याची. तिला कुणी आजार म्हणत नाही. ज्याला आजार म्हणता येईल त्याच्यासाठी जे शब्द आहेत ते बघा: जीव घाबरा होणं, धसका घेणं, छातीत धडधडणं, पोटात गोळा येणं, जीव खालीवर होणं. सगळे शब्द छातीचे नाहीतर पोटाचे. म्हणून मी हृदयाच्या डॉक्टरकडे गेलो यात माझं काही चुकलं असं मला आज वाटत नाही. माझ्या भाषेनेच मला तिकडे पाठवलं होतं.

दुसरी वाट आईने दाखवली. सातपुड्याच्या पायथ्याला एक जाणता आहे, त्याच्याकडून बाहेरचं काही आहे का ते पाहून घ्यायचं. मी गेलो. गणिताचा मास्तर असूनही गेलो. त्याने अंगारा दिला आणि म्हणाला, "घाबरलेल्या जागी घाबरून बसला आहे." हे निदान तोवर मिळालेल्या निदानांमध्ये सगळ्यात अचूक होतं, हे मान्य करायला हवं. उपचार मात्र अंगाऱ्यापुढे जात नव्हता.

तिसरी वाट सगळ्यात वाईट होती, कारण तिने बरं वाटलं. ओळखीच्या एकाने अर्धी गोळी दिली. क्लोनाझेपाम. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये अशी ती गोळी आहे. वीस मिनिटांत छातीवरचा दगड उतरला. वाटलं, सापडलं! आधी आठवड्यातून एक अर्धी, मग रोज रात्री एक अर्धी, मग शाळेत जाण्याआधीही. शर्टाच्या खिशात एक गोळी कायम. खिसा चाचपल्याशिवाय मी घराचा उंबरा ओलांडत नसे. एकदा बसमध्ये खिसा रिकामा लागला आणि गोळी न घेताच मला कळलं की आता मला दोन आजार आहेत.

*

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं असं ठरवायला आणखी महिना गेला. आमच्याकडे त्या डॉक्टरला जे म्हणतात ते इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. भुसावळला, जळगावला डॉक्टर आहेत. पण भुसावळला माझे साडू राहतात आणि जळगावला निम्मं रावेर रोज असतं. म्हणून मी बऱ्हाणपूरला गेलो. बसने पाऊण तास, वाटेत राज्याची सीमा. परराज्यात मला कोण ओळखणार?

दवाखान्याच्या बाकावर माझ्या गावचे एक काका बसले होते.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. पळता येणार नव्हतं.

"मास्तर, इकडे कसे?"

"दात दुखतोय."

"माही बी दाढच," काका म्हणाले.

दारावरच्या पाटीवर डॉक्टरांची पदवी हाताएवढ्या अक्षरांत लिहिली होती. आम्ही दोघं अर्धा तास तिच्याखाली बसलो आणि केळीच्या भावावर बोललो.

आत डॉक्टरांना सगळं हिंदीत सांगावं लागलं. 'घबराहट' हा शब्द मला मराठीतल्या कुठल्याही शब्दापेक्षा सोपा गेला, कदाचित तो माझा नसल्यामुळे. डॉक्टरांनी सात-आठ प्रश्न विचारले. दुकान, बस, गर्दी टाळता का? झटका येईल म्हणून झटका नसतानाही घाबरता का? मग ते म्हणाले की याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात, हा नेहमी दिसणारा आजार आहे आणि बरा होतो. हृदयाला काही नाही हे मला सहा जणांनी सांगितलं होतं. काय आहे हे सांगणारे ते पहिले.

त्यांनी एस्सिटॅलोप्राम लिहून दिली आणि तीन गोष्टी नीट बजावल्या. पहिली, ही गोळी वीस मिनिटांत काम करत नाही; दोन ते चार आठवडे थांबावं लागेल आणि सुरुवातीला उलट जास्त अस्वस्थ वाटेल. दुसरी, क्लोनाझेपाम एकदम बंद करायची नाही, त्यानेही त्रास होतो; ती पायरी पायरीने उतरवू. तिसरी, गोळीने आवाज कमी होईल, पण घाबरण्याची सवय मोडायला बोलण्याचे उपचार लागतील. ते माझ्याकडे होत नाहीत, तुम्ही शोधा.

पहिले दहा दिवस मळमळ झाली, झोप उडाली. तीन आठवड्यांनी एका सकाळी लक्षात आलं की आपण खिसा न चाचपता शाळेत आलो आहोत. क्लोनाझेपाम सुटायला तीन महिने लागले.

*

'तुम्ही शोधा' हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत.

आपल्याकडे कागदावर सगळं आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा आहे. त्यातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७मध्ये झाला, २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. त्यानुसार हे उपचार मिळणं हा माझा हक्क आहे. आणि तरी निम्हान्सने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात असं दिसलं, की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, मध्य प्रदेश होता. म्हणजे बऱ्हाणपूरची गणती त्यांच्या राज्यात झाली, रावेरची नाही. पण त्या बाकावर बसलेल्या माणसाला सीमेच्या दोन्ही बाजूंचा हिशेब दिसत होता.

मी शोधायला लागलो तेव्हा आधी मला कुणाला काय म्हणतात हेच माहीत नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध तेच देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे एम.फिल.सारखं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले. समुपदेशक मात्र कुणीही असू शकतं. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं नीट काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत आणि शनिवार-रविवारच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन आलेलेही आहेत. पाटी दोघांचीही सारखीच.

मला पहिले भेटले ते दुसऱ्या प्रकारचे. फोनवर पन्नास मिनिटं ते स्वतःबद्दल बोलले. मी विश्वाला चुकीची स्पंदनं पाठवतो आहे, असं त्यांचं मत पडलं. मी पैसे पाठवले आणि नंबर काढून टाकला.

दुसऱ्या बाई शिकलेल्या होत्या, चांगल्या होत्या, पुण्याच्या होत्या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की मी बोलायच्या आधी मनात वाक्य धुऊन घ्यायचो. आमच्याकडे केळीला 'केयी' म्हणतात, डोळ्याला 'डोया'. 'मले' म्हणत मी लहानाचा मोठा झालो आणि डीएडला गेल्यावर 'मला' म्हणायला शिकलो. भीतीबद्दल बोलायला गेलो की तोंडात 'मले' यायचं, ते गिळून 'मला' म्हणेपर्यंत भीती निघून गेलेली असायची, नुसतं वाक्य उरायचं. तिसऱ्या बैठकीत त्यांनी विचारलं, "वादळ येण्याची शक्यता किती टक्के आहे, असं तुम्हाला वाटतं?" त्यांचा हेतू मला आता कळतो. घाबरलेलं मन शक्यता फुगवून सांगतं, तेव्हा तिची फोड करून बघायची. विमानाची भीती असलेल्याला हा प्रश्न उपयोगी पडतो. मी म्हणालो, "मॅडम, माझ्या आठवणीत तालुक्यात कुठे ना कुठे वादळाने केळी पडली नाही असं वर्ष नाही." त्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग आम्ही श्वासाचा व्यायाम केला.

त्यानंतर मी शोधणंच सोडलं. फेब्रुवारीतल्या एका रात्री १४४१६वर फोन केला. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली होती. शाळेला आलेल्या एका परिपत्रकात मी नंबर पाहिला होता. कुणीतरी मराठीत बोललं. घाई केली नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची माहिती दिली. मग मला विचारलं, "आतापर्यंत ज्यांच्याशी बोललात त्यांच्याकडे काय कमी पडलं?" हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मला वाटत होतं, कमी माझ्यातच पडलं. फोन ठेवल्यावर मी वहीत तीन ओळी लिहिल्या. नोंदणी किंवा शिक्षण विचारायचं. कुठल्या पद्धतीने काम करता, ते विचारायचं. आणि तिसरी: माझ्या भाषेत बोललं तर चालेल का, ते विचारायचं.

*

तिसऱ्या मॅडम मूळच्या अकोल्याकडच्या निघाल्या. मी वहीतला तिसरा प्रश्न विचारला तेव्हा म्हणाल्या, "बोला ना. माझी आजी 'केयी'च म्हणायची." ऑनलाइन बैठक, फी बाराशे रुपये. त्या आठवड्यातल्या भावाने साधारण एक क्विंटल केळी. भावाला सांगायचं कसं, हा प्रश्न होताच.

दुसरा प्रश्न, बोलायचं कुठे. आमच्या घराला खोल्या पाच आहेत, पण बंद होणारं दार एकच आहे आणि ते न्हाणीचं. म्हणून मी बागेत जायचो. मोटारीच्या खोलीमागे नेटवर्क बरं होतं. भरलेल्या केळीच्या बागेत दोन ओळी आत शिरलं की बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला मी कानाला वायर लावून पाटाच्या कडेला बसायचो. सालदाराने दोन-तीन गुरुवार पाहिलं आणि भावाच्या कानावर घातलं, की मास्तर झाडीत लपून कुण्या बाईशी बोलतो, कधी कधी रडतोही.

भाऊ घरी आला तो थेट माझ्यासमोर बसला. मग मला सगळं सांगावं लागलं. बऱ्हाणपूर, गोळ्या, बाराशे रुपये. तो बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "लफडं असतं तर समजावलं असतं तुले. याचं काय करू?" मग उठला आणि जाता जाता म्हणाला, "गुरुवारी मोटार लावत नाही मी. आवाजात ऐकू येत नसंन तुले."

*

आता त्या वादळाच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझा आजार त्या प्रश्नाभोवती गुंडाळलेला होता.

मी तिसऱ्या मॅडमना तेच ऐकवलं, की वादळ येणारच आहे. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. येईल. धरून चालू, आलं. मग?"

मी म्हणालो, "मग संपलं."

"काय काय संपलं? मास्तर, गणित मांडा."

मी मांडलं. पाच बाय पाच फुटांवर लागवड म्हणजे एकरी १७४२ झाडं. आमची चार एकरांत मिळून जवळपास सात हजार. सातच्या सात हजार पडली असं धरलं. लागवडीचा खर्च गेला. सोसायटीचं कर्ज थकलं. विम्याचे पैसे आले तर आले. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे. माझ्या पगारातून घर चालेल, हप्ता ओढाताणीने जाईल. वहीचं एक पान भरलं. आकडा वाईट होता. पण त्याला शेवट होता. त्याच्याखाली मी सवयीने दोन रेघा ओढल्या.

त्या म्हणाल्या, "हे नुकसान. आणि तुम्ही मघाशी 'संपलं' म्हणालात ते काय होतं?"

त्या ज्या पद्धतीने काम करत होत्या तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात, आरईबीटी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने ती १९५५मध्ये मांडली. एलिसचं म्हणणं थोडक्यात असं: घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही, मधे आपली एक समजूत असते. घाबरलेल्या माणसाला 'तसं काही होणार नाही' असं पटवणं हा उपाय तो कच्चा मानायचा. कारण उद्या तसं झालं तर? पक्का उपाय म्हणजे 'झालं तरी' इथून सुरुवात करायची. मराठीत ही पद्धत नवी नाही. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली, अंजली जोशींनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी तिच्यावर 'स्वभाव-विभाव' हे पुस्तक लिहिलं. नाडकर्णींनी १९९०मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या आयपीएचचे मराठी व्हिडिओ मी तोवर रात्री जागून पाहिले होते. पण व्हिडिओ पाहणं आणि 'मग?' असं कुणीतरी समोरून विचारणं यात फरक आहे.

मॅडम मला एका अक्षरावर आणायच्या. 'च'. 'वादळ यायला नको' ही इच्छा आहे. इच्छा सगळ्यांचीच असते. 'वादळ यायलाच नको' ही मागणी आहे, आणि मागणी करायला माझ्या हातात काही नाही. 'छातीत धडधडायला नको' आणि 'धडधडायलाच नको' यांतही तेच. माझ्या बोलण्यातले 'च' मी आठवडाभर वहीत टिपले. पाचवीपासून मुलांच्या चुका तांबड्या शाईने काढणाऱ्या माणसाला हे काम जमण्यासारखं होतं. एका आठवड्यात त्रेपन्न निघाले.

बाकीचं काम अंगमेहनतीचं होतं. झटका आला की भरभर श्वास घेतला जातो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, बधिरपणा येतो. हे त्यांनी समजावलं आणि मग बागेत उभं राहून मुद्दाम एक मिनिट भरभर श्वास घ्यायला लावला. आल्या मुंग्या. मेलो नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग वर्गात दारापासून लांब उभं राहून शिकवायचं. मग पाण्याची बाटली न घेता बसने जायचं. रात्री-बेरात्री फोनवर वाऱ्याचा नकाशा बघायचा नाही; हवामान दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, शेतकरी बघतो तसं. आणि शेवटी खिशातली गोळी. ती काढली तेव्हा घामाने भिजून तिची पूड झाली होती. मी किती दिवस त्या पुडीच्या भरवशावर फिरत होतो कोण जाणे.

*

पुढच्या उन्हाळ्यात वादळ आलं. ते येणारच होतं.

रात्रभर आवाज ऐकले. एक, दोन, मग मोजणं सुटलं. छाती धडधडली, हाताला मुंग्या आल्या. मी खाटेवर बसून राहिलो. भाऊ समोरच्या खाटेवर होता, त्याचाही श्वास ऐकू येत होता. 'झालं तरी' हे दोन शब्द मी म्हटले की नाही, आठवत नाही. कुठलीही शांती वगैरे उतरली नाही. पण आतलं काही मोडलं नाही. पहाटे आम्ही दोघं बागेत गेलो. साधारण तिसरा हिस्सा आडवा होता. मी वही काढली आणि ओळीने पडलेली झाडं मोजायला सुरुवात केली. पंचनाम्याला आकडा लागतो. दुपारपर्यंत मोजत होतो. मोजताना मी रडलो, पण ते केळीसाठी होतं. जिथल्या तिथे होतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. माझ्या गणिताला दोन रेघा ओढता आल्या कारण मला पगार आहे. माझ्या शेजाऱ्याचा आकडा तसा संपत नाही. त्याला कुणी 'मग?' असं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसेल, आणि तो त्याच्या विचारांचा दोष नसेल. कर्ज थेरपीने फिटत नाही, भाव थेरपीने वाढत नाही. मॅडमना मी हे म्हणालो तेव्हा त्यांनीही मान्य केलं. त्या म्हणाल्या, "खरंच. पण घाबरून गेलेला माणूस सोसायटीत जाऊन हप्ते पाडून मागू शकत नाही, पंचनाम्याला उभा राहू शकत नाही. तेवढं तरी करता यावं." तेवढंच. मीही त्यापेक्षा मोठा दावा करत नाही.

गोळ्या चौदा महिने चालल्या, मग डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या. मॅडमशी आता तीन-चार महिन्यांतून एकदा बोलतो. झटका वर्षातून एखादा येतो. दहा मिनिटांत वर चढतो आणि उतरतो. त्याची आणि माझी ओळख आहे.

अप्पांना मी गेल्या दिवाळीत सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुह्या आजालेही व्हतं असं. रात्री उठून बांधावर जाऊन बसायचा. आम्ही म्हणत, धसका घेतला म्हाताऱ्यानं." थोडं थांबून विचारलं, "त्याले बरं वाटलं असतं का रे, या बाईशी बोलून?" मी म्हणालो, वाटलं असतं. ते म्हणाले, "पन तो बोलला नसता." तेही खरं.

आणि दोन महिन्यांपूर्वी एका रात्री फोन आला. बऱ्हाणपूरच्या बाकावरचे काका. इकडचं तिकडचं झालं, भाव झाला, पाऊस झाला. मग आवाज खाली करून म्हणाले, "मास्तर, माह्या पोराचा दात दुखून राहिला. लय दिवसाचा. तुमच्या त्या दाताच्या डॉक्टरचा नंबर द्या बरं."

मी दोन्ही नंबर दिले. गोळ्यांचा आणि बोलायचा. वर १४४१६ही सांगितला, फुकट आहे म्हटलं. मग सांगितलं, की काका, पोराला म्हणावं, तिथे तोंड उघडावं लागतं.

"ते तं दाताच्या डॉक्टरकडे उघडावंच लागते," काका म्हणाले.